विजय गोखले यांचं 'द लाँग गेम': चीनशी बोलणी करणाऱ्यांनी वाचावंच, पण माझी एक तक्रार आहे

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच. ज्यांना लांबलचक वाचायचा कंटाळा आहे आणि घेऊ की नको एवढंच विचारायचंय त्यांनी बिनधास्त घ्या, दोनशेच्या आसपास पानं आहेत, इंग्रजी साधं सरळ आहे, डिक्शनरी शेजारी घेऊन बसावं लागत नाही.

मी काही परराष्ट्र धोरणवाला नाही बरं का. पिंपरी-चिंचवडला एका कंपनीत परचेसमध्ये आहे आणि आमच्या लाइनमध्ये चायनाच्या सप्लायरशी बोलणी करणं हा रोजचाच उद्योग. रेट काय, ॲडव्हान्स किती, माल रिजेक्ट झाला तर परत कोण नेणार, आणि ह्या सगळ्यात समोरचा माणूस इतका शांत असतो की मीटिंग संपल्यावर आपणच विचार करत बसतो, आपण नक्की कशाकशाला हो म्हणून आलो. त्यामुळे चिनी लोक भारताशी वाटाघाटी कशा करतात यावर पुस्तक आलंय आणि तेही बीजिंगला राजदूत राहिलेल्या माणसाचं, हे कळल्यावर मी ते सरळ धंद्याचं पुस्तक म्हणून घेतलं. निघाला इतिहास. पण धंद्यालाही उपयोगी पडला.

लेखकाबद्दल आधी थोडं सांगायला पाहिजे, कारण माझी तक्रार पण तिथेच आहे. विजय केशव गोखले, जन्म १९५९ चा, परराष्ट्र सेवेची १९८१ ची बॅच. चिनी भाषा येते. १९८९ मध्ये तिआनमेनचं प्रकरण घडलं (बीजिंगच्या तिआनमेन चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन सैन्य घालून चिरडलं ते) तेव्हा हे बीजिंगच्या आपल्या दूतावासात तरुण अधिकारी होते. पुढे तैपेईला भारताचं जे ऑफिस आहे त्याचे प्रमुख (त्याला दूतावास म्हणायचं नाही, तैवानला आपण देश म्हणून मान्यता दिलेली नाही, म्हणून नाव इंडिया-तैपेई असोसिएशन), मग मलेशियात उच्चायुक्त, जर्मनीत राजदूत आणि मग चीनमध्ये राजदूत, ते पण नेमके २०१७ मध्ये, म्हणजे डोकलामला दोन्हीकडचं सैन्य समोरासमोर उभं होतं त्या वर्षी. जानेवारी २०१८ ते जानेवारी २०२० परराष्ट्र सचिव. बालाकोटनंतर, २६ फेब्रुवारी २०१९ ला, टीव्हीवर चष्मा लावलेले एक गृहस्थ कागदावरून शांतपणे सरकारी निवेदन वाचत होते ना, ते हेच.

तर एकोणचाळीस वर्षं नोकरी केली, आणि वयाची साठी उलटल्यावर पहिलं पुस्तक. ते तिआनमेनवरचं, २०२१ चं. त्याच वर्षी हे 'द लाँग गेम', २०२२ ला 'आफ्टर तिआनमेन' आणि २०२४ ला 'क्रॉसविंड्स'. चार वर्षांत चार! लोक रिटायर झाल्यावर गावाकडचं घर दुरुस्त करतात, फार तर ज्येष्ठ नागरिक संघात भाषण देतात. अर्थात आयुष्यभर फायलींवर टिपणं लिहिणारा माणूस हा रोज लिहिणाराच असतो, फरक एवढाच की वाचणारे पाच-दहा असतात आणि सगळ्यांच्या हातात लाल-निळी पेन्सिल असते.

आपल्याकडे रिटायर झालेल्या मोठ्या अधिकाऱ्याचं पुस्तक म्हटलं की एक ठरलेला साचा आहे. लहानपणची गरिबी, मास्तरांनी पाठीवर ठेवलेला हात, परीक्षा, पहिलं पोस्टिंग, मंत्र्याशी झालेली बाचाबाची (ज्यात शेवटी मंत्रीच चुकलेला असतो), मधे आठ पानं फोटो. मी तशाच तयारीने उघडलं होतं. गोखल्यांनी ह्यातलं काहीच दिलेलं नाही. फोटो सोडा, 'मी' हा माणूसच पुस्तकात जवळजवळ नाही. पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे पुण्याला पत्रं धाडायचे त्या जातीचं लिखाण आहे हे, दरबारात काय चाललंय, कोण कुणाकडे झुकतंय, त्याचा अर्थ काय, बास. आता ज्याला हे आवडतं त्याला खूप आवडेल. मला तीन चतुर्थांश आवडलं.

पुस्तकात सहा प्रसंग घेतलेत. १९४९ च्या शेवटी माओच्या सरकारला मान्यता देणं, मग तिबेट आणि १९५४ चा करार, १९९८ च्या अणुचाचण्या, सिक्कीम, अमेरिकेबरोबरचा अणुकरार, आणि शेवटी मसूद अजहर. सातवं प्रकरण ह्या सगळ्यातून आपण काय शिकायचं त्याचं. सहाही वेळा टेबलाच्या एका बाजूला तोच चीन, दुसऱ्या बाजूला आपण, फक्त माणसं बदलतात. सत्तर वर्षांत आपण सुधारलो का, हा खरा प्रश्न आहे आणि तो प्रकरणाप्रकरणातून हळूहळू वर येतो.

पहिलं प्रकरण मान्यतेचं. १ ऑक्टोबर १९४९ ला माओने नवं सरकार जाहीर केलं, ३० डिसेंबरला आपण मान्यता देऊन मोकळे. गोखल्यांचा आक्षेप असा की एवढा मोठा निर्णय मूठभर लोकांनी घेतला, नेहरू, कृष्ण मेनन, चीनमधले आपले राजदूत पणिक्कर असे, आणि आपल्याला त्या बदल्यात काय पाहिजे हे कुणी कागदावर मांडलंच नाही. आपली समजूत अशी की आम्ही एवढ्या लवकर हात पुढे केला म्हणजे समोरचा खूष होईल. समोरच्याने काय केलं? आधी चँग काय-शेकशी (माओकडून हरून तैवानला गेलेले) संबंध तोडा, मग तुमचा माणूस बोलणी करायला आमच्याकडे पाठवा. म्हणजे मान्यता आपण देतोय आणि अटी ते घालतायत. शेवटी राजनैतिक संबंध जुळले १ एप्रिल १९५० ला. हे वाचताना मला आमच्याकडची एक केस आठवली, सप्लायरचं नाव नको, पण ऑर्डर आमची, पैसे आमचे, आणि आमचाच माणूस त्यांच्या फॅक्टरीत जाऊन सगळी कागदपत्रं त्यांना नीट समजावून सांगत बसलाय.

पण इथे मला गोखल्यांशी थोडं भांडायचंय. घाई केली हे मान्य, पण घाई न केली असती तर नक्की काय हाती लागलं असतं? ब्रिटिशांचं बघा ना. ६ जानेवारी १९५० ला त्यांनीही मान्यता दिली, पण तैवानमधलं स्वतःचं कॉन्सुलेट बंद केलं नाही, दोन्ही दगडांवर पाय ठेवला, तर चीनने त्यांना राजदूत पातळीचे संबंध १९७२ पर्यंत दिले नाहीत. बावीस वर्षं! तेव्हा अडून बसलं की फायदा होतोच असं काही नाही. आणि १९४९ च्या शेवटी आपल्याकडे परिस्थिती काय होती तेही बघा, फाळणीला दोन वर्षं झालेली, काश्मीरचा प्रश्न युनोत पडलेला, अन्नधान्याची मारामार, त्यात शेजारी एवढा मोठा देश नव्याने उभा राहतोय. त्या खोलीत बसलेल्या माणसांना काय दिसत होतं आणि आपल्याला आज काय दिसतंय ह्यात फरक आहे. हा तोल पुस्तकात थोडा कमी पडतो असं मला वाटलं. निकाल माहीत असताना पेपर तपासणं सोपं असतं.

तिबेटचं प्रकरण मात्र सगळ्यात जबरदस्त. नुसतं एवढ्यासाठी पुस्तक घेतलं तरी पैसे वसूल. इंग्रज जाताना आपल्याला तिबेटमध्ये बऱ्याच गोष्टी वारशात देऊन गेले होते. ग्यांत्से, यातुंग आणि गार्तोकला व्यापारी प्रतिनिधी, त्यातल्या ग्यांत्से आणि यातुंगला आपली छोटी सैनिकी तुकडी, पोस्ट आणि तार आपली, वाटेवरचे डाक बंगले आपले, ल्हासाला आपलं मिशन. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य पूर्व तिबेटात घुसलं, मे १९५१ मध्ये तिबेट चीनचाच असं म्हणणाऱ्या सतरा कलमी करारावर तिबेटकडून सही घेतली, आणि मग आपली ही सगळी चीजवस्तू हळूहळू निघत गेली. १९५२ मध्ये ल्हासाच्या मिशनचं कॉन्सुलेट जनरल झालं आणि त्या बदल्यात चीनला कॉन्सुलेट मिळालं मुंबईत. हे मला माहीतच नव्हतं, म्हणजे तिबेटच्या इतिहासाचा एक तुकडा आपल्या मुंबईत येऊन पडलेला आहे.

मग ३१ डिसेंबर १९५३ पासून बीजिंगला बोलणी, चार महिने, आणि २९ एप्रिल १९५४ ला तो करार, ज्याच्या सुरुवातीला ती प्रसिद्ध पंचशील तत्त्वं आहेत. गंमत बघा, बोलणी सुरू होतानाच चीनचे पंतप्रधान चौ एन-लायने तत्त्वं पुढे केली. एकमेकांच्या प्रदेशाचा मान ठेवायचा, आक्रमण करायचं नाही, कोण नाही म्हणणार? आणि एकदा तत्त्वांना मान डोलावली की मग त्याच तत्त्वांच्या नावाखाली, अहो आमच्या प्रदेशात तुमची सैनिकी तुकडी कशी काय? तार खातं कसं काय? आपण दिलं. सगळं दिलं. आणि जे मागायचं होतं, म्हणजे सीमा नक्की कुठे आहे, ते आपण विचारलंच नाही. विचारलं नाही म्हणजे तो प्रश्नच नाही, आपली सीमा ठरलेलीच आहे, असा आपला हिशोब होता. शिपकी, माणा, नीती, कुंग्री बिंग्री, दारमा, लिपुलेख ह्या सहा खिंडींची नावं करारात आली म्हणजे सीमा मान्य झालीच अशी समजूत. सातबारा न बघता बयाणा देऊन टाकायचा आणि मग हद्दीचा खांब कुठे ते नंतर बघू म्हणायचं, तसलाच प्रकार. सही होऊन तीन महिने झाले नव्हते तोवर, जुलै १९५४ मध्ये, नीती खिंडीजवळच्या बाराहोतीत तुमचे सैनिक काय करतायत म्हणून चीनचा निषेध खलिता आला सुद्धा. कराराची मुदत होती आठ वर्षं. १९५४ मध्ये आठ मिळवा, कुठलं साल येतं बघा.

गोखल्यांची खरी ताकद इथे दिसते. ते नेहरूंना शिव्या घालत नाहीत, हल्ली जी फॅशन आहे तशी, आणि पांघरूणही घालत नाहीत. परराष्ट्र खात्यातल्या गिरिजाशंकर बाजपेयींसारखे अनुभवी लोक तेव्हाच सांगत होते की सीमेचं आधी बोला, सरदार पटेलांचं चीनपासून सावध करणारं ७ नोव्हेंबर १९५० चं पत्र तर सगळ्यांना माहीतच आहे. माहिती होती, सल्ला होता, पण सल्ला आणि निर्णय ह्यांना जोडणारी पद्धतच नव्हती. उलट चिनी बाजूचा होमवर्क झालेला, त्यांना काय पाहिजे ते क्रमाने माहीत, कुठली गोष्ट आत्ता काढायची आणि कुठली काढायचीच नाही हे पक्कं. चौने सीमेच्या नकाशाला हातच लावला नाही, कारण त्यांना वेळ पाहिजे होता. गप्प बसणं हीसुद्धा बोलणीतली चाल असते हे मला ह्या प्रकरणाने शिकवलं, आणि तेव्हापासून मीटिंगमध्ये समोरचा एखाद्या कलमाबद्दल काहीच बोलत नाही असं दिसलं की मी ते कलम परत वाचतो.

१९९८ चं प्रकरण मला तुलनेने कोरडं वाटलं. ११ आणि १३ मेच्या चाचण्या, त्याआधी आपल्या मुंबईच्या कामगार चळवळीतून वर आलेले जॉर्ज फर्नांडिस संरक्षणमंत्री म्हणून चीनबद्दल जाहीर बोलून गेलेले, मग वाजपेयींनी क्लिंटनना लिहिलेलं पत्र अमेरिकेत पेपरात फुटलं ज्यात नाव न घेता चीनकडे बोट होतं, चीन भडकला, ६ जूनला चाचण्यांचा निषेध करणारा सुरक्षा परिषदेचा ठराव ११७२. आणि वर्षभराने, जून १९९९ मध्ये, कारगिल चालू असताना, परराष्ट्रमंत्री जसवंत सिंग बीजिंगला. घटना सगळ्या आहेत पण आपण पेपरात वाचलेल्याच. रागावलेला चीन वर्षभरात परत बोलायला कसा लागला हा भाग चांगला आहे, राग हासुद्धा ठरवून केलेला असतो आणि त्यालाही मुदत असते, तेवढं समजून घेऊन पुढे जा.

सिक्कीमवर मात्र परत मजा येते, कारण पहिल्यांदाच आपण शहाण्यासारखे वागताना दिसतो. १९७५ ला सिक्कीम भारतात आलं, चीनने ते मानलंच नाही, नकाशात वेगळा देश दाखवत राहिले. आता त्यांना सरळ विचारलं असतं की बाबांनो मान्यता द्या, तर त्यांनी किंमत मागितली असती. तर जून २००३ मध्ये वाजपेयी बीजिंगला गेले तेव्हा नथू ला खिंडीतून सीमा व्यापार सुरू करायचा करार केला आणि त्यात आपल्या बाजूचा बाजार कुठे, तर सिक्कीम राज्यात छांगूला, आणि त्यांच्या बाजूचा तिबेट स्वायत्त प्रदेशात. व्यापाराच्या कागदात सिक्कीम राज्य म्हणून बसलं. मोठा गाजावाजा नाही. त्याच भेटीत आपण तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनचा भाग आहे हे लिहून दिलं, ती किंमत जास्त झाली का ह्यावर आजही वाद घालता येतो आणि घालावा. पुढे एप्रिल २००५ ला चीनचे पंतप्रधान वेन जियाबाव आले तेव्हा संयुक्त निवेदनात भारतीय प्रजासत्ताकाचं सिक्कीम राज्य असं लिहिलेलं आलं आणि सिक्कीम भारतात दाखवणारा नकाशाही दिला. ६ जुलै २००६ ला खिंड उघडली. तीन वर्षं लागली पण काम झालं. मला सगळ्यात भारी काय वाटलं, तर एक शब्द मसुद्यात बसवायला किती माणसं किती दिवस झटतात आणि जिंकल्यावर ओरडायचं पण नसतं, कारण ओरडलात तर समोरच्याला माघार घेता येणार नाही. आमच्या सेल्सवाल्यांना हे कळलं तर किती बरं होईल.

अणुकराराचं प्रकरण आलं तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये पेपरात बराच धुरळा उडाला होता, काहींना आठवत असेल. गोखल्यांनी लिहिलंय की २००७-०८ च्या सुमारास चीनने इथल्या डाव्या पक्षांशी असलेल्या जवळिकीचा उपयोग करून कराराला देशातूनच विरोध उभा करायचा प्रयत्न केला. मार्क्सवादी पक्षाने ते तेव्हाच साफ फेटाळलं. आता मी कुणाच्याच बाजूने नाही, पण वाचक म्हणून एवढं म्हणेन की एवढं मोठं विधान केलं तर त्यामागे जरा जास्त सामान पाहिजे होतं. डावे पक्ष अमेरिकेबरोबरच्या कुठल्याही कराराला विरोध करतच आलेत, त्यासाठी बीजिंगहून कुणी सांगायची गरज होती का? जवळीक होती आणि विरोध झाला, ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक दुसऱ्यामुळे झाली असं आपोआप सिद्ध होत नाही. दुर्दैव असं की बातम्या सगळ्या ह्याच दोन-चार वाक्यांच्या झाल्या आणि प्रकरणातला खरा माल मागे राहिला. तो म्हणजे व्हिएन्नाचा. तेव्हा ४५ देशांचा असलेला अणुपुरवठादार गट, तिथे सगळ्यांचं एकमत लागतं, म्हणजे एकाने मान हलवली तरी खेळ खलास. चीन पुढे आलाच नाही. ऑस्ट्रिया, आयर्लंड, न्यूझीलंड वगैरे लोक तत्त्वासाठी भांडत होते, चीन त्यांच्या मागे आरामात उभा. ते छोटे देश एकेक करून राजी झाले आणि मागे उभा राहिलेला एकटाच उघडा पडायची वेळ आली तेव्हा शेवटच्या तासांत त्यांची चुळबुळ सुरू झाली, पण एकट्याने नाही म्हणायची तयारी नव्हती. ६ सप्टेंबर २००८ ला भारताला अणुव्यापाराची सूट मिळाली. चीनला एकटं पडायला आवडत नाही, हे सूत्र इथे हाताला लागतं आणि पुढच्या प्रकरणात तेच कामाला येतं.

मसूद अजहर. डिसेंबर १९९९ मध्ये कंदाहारच्या विमानासाठी ज्याला सोडावं लागलं तोच. युनोची १२६७ समिती, म्हणजे अतिरेक्यांची बंदी-यादी ठरवणारी, पंधरा सदस्य, तिथेही एकमत. त्याच्या जैश-ए-मोहम्मद संघटनेवर बंदी २००१ मध्येच आलेली पण तिचा म्होरक्या यादीत नाही, कारण चीन दर वेळी तांत्रिक अडचण म्हणून थांबवायचा. २००९ ला प्रयत्न झाला, पठाणकोटनंतर २०१६ ला झाला, २०१७ ला अमेरिका-ब्रिटन-फ्रान्सने केला. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामा. मार्चमध्ये चीनने परत थांबवलं. मग अमेरिकेने वेगळीच चाल केली, समितीच्या बंद खोलीऐवजी थेट सुरक्षा परिषदेत उघड ठरावाचा मसुदाच फिरवला, म्हणजे चीनला जगासमोर हात वर करून एका अतिरेक्याला वाचवावं लागलं असतं. १ मे २०१९ ला नाव यादीत आलं.

आता माझी तक्रार. ह्या सगळ्या काळात आपले परराष्ट्र सचिव कोण होते? विजय गोखले. २२ एप्रिलच्या सुमारास, म्हणजे नाव यादीत यायच्या साधारण आठवडाभर आधी, बीजिंगला जाऊन चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यींना कोण भेटलं? विजय गोखले. आणि प्रकरण वाचताना असं वाटतं की हे सगळं लेखकाने दिल्लीतल्या कुठल्या तरी वाचनालयात बसून फायलींवरून लिहिलंय. त्या खोलीत काय वातावरण होतं, चहा आला का, वांग यी काय म्हणाले ते नाही सांगता येणार हे मला समजतं, १९२३ चा गोपनीयता कायदा पेन्शनीत गेलेल्यालाही लागतोच, आणि बोलणी करणाऱ्या माणसाने दुसऱ्याच वर्षी सगळं बाहेर सांगितलं तर उद्या त्याच्या जागी बसलेल्याशी कोण मोकळं बोलणार. पण निदान तिथे लेखकाच्या पोटात काय होतं हे? पुलवामा हा शब्द यादीच्या मजकुरात घालायचा की सोडून द्यायचा (शेवटी आलेल्या मजकुरात पुलवामा नाहीये), तो निर्णय घेताना झोप लागली का? १९५० मधल्या लोकांच्या मनात काय होतं ते गोखले बारकाईने सांगतात, २०१९ मधल्या स्वतःच्या मनाबद्दल एक अक्षर नाही. ज्या खोलीत ते नव्हते तिथे ते सगळ्यात बोलके आणि जिथे खुर्चीवर बसले होते तिथे गप्प. पणिक्कर आणि नेहरूंच्या चुका मोजताना जी पट्टी वापरली ती स्वतःच्या काळाला लावलेली दिसत नाही, २०१८ ला मोदी आणि शी जिनपिंग यांचं वुहान झालं, २०१९ ला ममल्लपुरम झालं, आणि २०२० ला गलवान, तेव्हा ह्या दोन शिखर भेटींत आपण समोरच्याला बरोबर ओळखलं होतं का, हा प्रश्न कुणी विचारायचा? हाच तो कापलेला स्टार.

शेवटचं धड्यांचं प्रकरण मात्र झेरॉक्स काढून परचेसच्या नोटिस बोर्डावर लावावं असं आहे. तुम्हाला त्यांच्या घरी बोलावणं, कारण घरच्या मैदानावर वेळ आणि जागा त्यांच्या हातात. पाहुणचार इतका की नाही म्हणायला लाज वाटावी. आधी तत्त्वं, मग तपशील. स्वतःचं शेवटपर्यंत न सांगता तुमचं काढून घेणं. तुमच्या परतीच्या फ्लाइटची वेळ माहीत असल्यासारखं शेवटच्या दिवशी खरं बोलणं सुरू करणं. ह्यातल्या काही गोष्टी मी इतक्या वेळा बघितल्यात की वाचताना हसू येत होतं. आणि एक सांगतो, उपाय काही जादूचा नाही, घरचा अभ्यास, आपल्या सगळ्या खात्यांनी आधी आपसात बोलून घेणं, काय सोडायचं आणि कशाला हात लावू द्यायचा नाही ते लिहून ठेवणं, आणि गप्प बसता येणं. आमच्यात शेवटची गोष्ट अवघड जाते. दोन मिनिटं शांतता झाली की आपला माणूस स्वतःहून डिस्काउंट देतो.

कुणी घेऊ नये? ज्यांना किस्से पाहिजेत त्यांनी. ज्यांना सीमेवरच्या लढाया पाहिजेत त्यांनीही नको, १९६२ च्या युद्धावर यात स्वतंत्र प्रकरण नाही, सहात ते बसवलेलंच नाही आणि ते मला योग्य वाटलं, कारण युद्ध ही वाटाघाट नव्हे. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या यूपीएससीच्या मुलांना मात्र नक्की सांगेन, तिबेट आणि सिक्कीम ही दोन प्रकरणं गाइडमधल्या चार ओळींपेक्षा शंभरपट नीट डोक्यात बसतात.

गोखल्यांचं बाकीचं वाचायचं असेल तर 'क्रॉसविंड्स' ह्याच्या नंतर घ्या, आधी नको. त्यात पन्नासच्या दशकात ब्रिटन आणि अमेरिका चीनवरून आपसात कसे ओढाताण करत होते आणि मधे नेहरू कुठे उभे होते ते आहे, मान्यतेचा विषय तिथे परत येतो आणि ह्या पुस्तकात जो तोल मला कमी वाटला तो बराचसा तिथे सापडतो. ब्रिटिशांचे डावपेच कळले की नेहरूंच्या घाईकडे थोडं वेगळं बघता येतं. पण तो ग्रंथ जड आहे, नावं आणि तारखा फार, प्रवासात वाचायचा नाही. तिआनमेनवरचं पहिलं पुस्तक छोटं आहे आणि कम्युनिस्ट पक्षाच्या आतल्या भांडणात कोण कुणाला खाली खेचत होतं ह्यावर त्याचा भर आहे. तिथे निदान लेखक त्या शहरात राहत होता हे जाणवतं तरी. ज्यांना चीनबद्दल काहीच माहीत नाही त्यांनी तिथून सुरुवात केली तरी चालेल. 'आफ्टर तिआनमेन' मी अजून घेतलेलं नाही, ऑफिसमधल्या एकाकडे आहे, त्याने 'द लाँग गेम' परत दिलं की अदलाबदल करायची ठरलीय, फक्त तो तिबेटच्या प्रकरणात पेन्सिलने खुणा करत बसलाय.